जिमी पाणी पितो का?

एका जागी बसून लिहिणं माझ्यानं होत नाही. गल्लीत कुत्रं भुंकलं की मी उठतो. कशासाठी भुंकतंय ते मला आवाजावरूनच कळतं, तरी उठतो, खिडकीतून बघतो, आणि परत येऊन बसेपर्यंत डोक्यातलं वाक्य निघून गेलेलं असतं. दिवाळी अंकाची मंडळी म्हणाली, "काका, तुम्ही नुसतं बोला, आम्ही लिहून घेतो." मी म्हटलं, नाही. चौथीपर्यंत का होईना, शाळा केलीय. माझं मी लिहीन. ऱ्हस्वदीर्घ तुम्ही बघा, पण शब्दाला हात लावायचा नाही. लावला तर कळेल मला.

माझा धंदा कुत्री शिकवण्याचा. देवळालीला एका रिटायर फौजी साहेबांकडं कुत्री सांभाळायला होतो, तिथं हात बसला. नंतर नव्वद सालाच्या आगेमागे नाशकात गंगापूर रोडला बंगले उठायला लागले आणि माझे दिवस आले. त्या बंगल्यांची एक गंमत होती. आधी फाटकावर 'कुत्र्यापासून सावध रहा' अशी पाटी लागायची, मग कुत्रा यायचा, आणि तो कुणाला तरी चावला की मग मला बोलावणं यायचं. सगळं उलटं.

लोकांना वाटतं मी कुत्रा शिकवतो. कुत्र्याला काय, थोड्या दिवसांत सगळं समजतं. शिकवावं लागतं घराला. मालक म्हणतो खाली बस, मुलगी म्हणते ये सोफ्यावर, आजी गुपचूप जिलबी देते, आणि कामवाली बाई झाडूनं हाणते. अशा घरात माणूससुद्धा वेडा होईल. म्हणून माझी पहिली अट एकच असायची. शिकवणीच्या वेळी सगळ्या घरानं हजर राहायचं. काही लोक चिडायचे. "आम्ही पैसे कुत्र्याचे देतोय, आमचे नाही." मी लुनाला किक मारायचो आणि निघायचो. त्यातले बरेच परत बोलवायचे.

एक व्यापारी होते. त्यांचं म्हणणं, कुत्रा तेज पाहिजे. कुणी तरी सांगितलेलं, दिवसभर अंधाऱ्या खोलीत कोंडायचा आणि रोज हिरवी मिरची चारायची.

मी विचारलं, "शेठ, तुम्ही खाता का मिरची?"

"खातो की. जेवताना रोज."

"मग भुंका बघू."

त्यांची बायको पदर तोंडाला लावून आत पळाली. शेठ आठ दिवस बोलले नाहीत, पण मिरची बंद झाली. अंधारात कोंडलेला कुत्रा तेज होत नाही, घाबरट होतो. आणि चावणारे कुत्रे बहुतेक घाबरटच असतात. धीट कुत्रा आधी बघतो.

दुसऱ्या एका घरात कुत्र्याला संकष्टी होती. खोटं नाही सांगत. त्यांची तक्रार अशी की एरवी शहाणा असतो, पण महिन्यातून एकदा संध्याकाळी सगळ्यांवर गुरगुरतो. आजी म्हणाल्या, "घरात सगळ्यांना उपास, चंद्र उगवल्यावर स्वयंपाक. त्याच्या एकट्यासाठी सकाळी भाकरी कशी टाकायची?" मी म्हटलं, आजी, पुण्य तुम्हाला आणि भूक त्याला, हा कुठला हिशोब? त्या म्हणाल्या, "पुण्य त्यालाही मिळतं." शेवटी आदल्या दिवशीची भाकरी ठेवायची, एवढ्यावर तोडगा निघाला.

शिकवणी पुरी झाली की मी कुत्र्याची परीक्षा घ्यायचो. गोदाघाटावर बुधवारचा बाजार भरतो तिथं. भाजीच्या पाट्या, कोंबड्या, बकऱ्या, ओरडणारी माणसं, पायांत पाय. त्यातून दोरी सैल ठेवून न्यायचं आणि शेवटी सुक्या बोंबलांच्या रांगेतून. बोंबलाकडं नाक फिरलं तरी चालेल, पाय फिरता कामा नये. तिथून जो सरळ निघाला तो पास. असा पास झालेला, मी शिकवलेला एक कुत्रा होता, जिमी. अल्सेशियन, पाठ काळी, पाय पिवळे. त्याचीच गोष्ट सांगायला बसलोय, बाकी सगळं मी उगाच इकडंतिकडं करतोय, कारण त्या दिवसांची आठवण आली की आजही मला बसवत नाही.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. चैत्राचं ऊन. मी अंगणात दोरखंड वाळत घालत होतो आणि सायकलवरून एक तरुण माणूस आला. घामाघूम. सायकल स्टँडला न लावता तशीच आडवी टाकली.

"जिमीला तुम्हीच शिकवलं का?"

"हो."

"परवा चावला तो. माझ्या बायकोला."

त्याचं नाव दत्तू. मखमलाबादकडं त्यांची फुलांची वावरं, झेंडू आणि गुलाब. बायको सुमन रोज सकाळी गंगापूर रोडच्या बंगल्यांत पूजेची फुलं टाकायची. जिमीच्या घरी ती पुडी फाटकाला अडकवून जायची. त्या दिवशी तिथं सत्यनारायण होता. मालकीणबाई म्हणाल्या, आज जास्त फुलं आहेत, आत ओट्यावर आणून ठेव. ओट्यापाशीच जिमीची थाळी. तो खात होता. सुमन टोपली ठेवायला त्याच्या थाळीवर वाकली आणि त्यानं तिचा पंजा धरला.

खाणाऱ्या कुत्र्याच्या थाळीवर कुणी वाकू नये आणि थाळी येण्याजाण्याच्या वाटेवर ठेवू नये. हे मी त्या घरात सांगितलेलं. मागच्या अंगणात जागासुद्धा दाखवली होती. पण मागं मोलकरणीला भांडी घासायला अडचण होते म्हणून थाळी परत पुढं आली. आणि वर्षाची पिसाळण्याची लसही यंदा राहून गेलेली. म्हणे, घरातला कुत्रा, तो कुठं बाहेर जातो?

मी विचारलं, "जखम धुतली का?"

"आईनं लाल तिखट भरलं."

मी कपाळावर हात मारला. जखम नळाखाली धरून साबणानं धूत राहायची, हे पहिलं औषध. तिखटानं आग होते, दुसरं काही होत नाही. पण दत्तू शहाणा. त्याच दुपारी तो तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला होता. त्या काळी पोटात चौदा सुया असायच्या. डॉक्टरांनी पहिली दिली आणि सांगितलं, सुया चुकवायच्या नाहीत. कुत्रा बांधून दहा दिवस नजरेसमोर ठेवा. धडधाकट राहिला तर उरलेल्या सुया थांबवता येतील, ते मी ठरवीन, असं डॉक्टर म्हणाले.

"मग बांधा की त्याला. अडचण काय?"

"मास्तर, कुत्राच नाहीये. साहेबांनी सोडून दिला."

मी तसाच लुनावर गंगापूर रोडला गेलो. जिमीचे मालक, हे साहेब, माणूस वाईट नव्हता. रिटायर झालेला, सभ्य, हळू बोलणारा. त्यांना वाटलं, आपला कुत्रा गरिबाच्या लेकीला चावला, आता तो घरात ठेवणं शोभत नाही. चार लोक काय म्हणतील? म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याला गाडीत घातला आणि सिन्नरच्या वाटेवर मोहदरी घाटात सोडून आले. मोठ्या मनानं केलं हो त्यांनी ते. ढाब्याजवळ सोडला, म्हणजे उपाशी राहणार नाही. वर दत्तूच्या घरी निरोप पाठवला, कुत्रं काढून टाकलं, आता काळजी नको.

काळजी तिथंच सुरू झाली. कुत्रा समोर असता तर चांगलं की वाईट ते कळलं असतं. आता काहीच कळणार नव्हतं.

कुत्रा शोधायच्या आधी मी दत्तूच्या घरी गेलो. सुमन ओसरीवर भिंतीला टेकून बसलेली, हाताला फडकं. सहावा महिना. ती काही बोलली नाही. बोलली तिची सासू, कोंडाबाई.

"तूच का तो कुत्र्यांचा मास्तर?"

"हो मावशी."

"काय शिकवलं रे त्याला? माझ्या सुनंचा हात खायला?"

मग ती म्हणाली, "आजपून सुया बंद. पोटात लेकरू हाय अन् त्याच पोटात सुया! लेकराला लागली म्हंजी?"

"डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणं कातडीखाली जाती, लेकरापोतर पोचत नाय. त्याला काय जातंय बोलायला? बाळंतपण त्याला करायचंय का?"

"मावशी, हा रोग झाला तर त्याला औषध नाही. आई गेली तर लेकरू कुठून येणार?"

हे बोलायला नको होतं असं दत्तूच्या तोंडाकडं बघून वाटलं. पण म्हातारी हलली. मी तेवढ्यात पुढं रेटलं, "मी कुत्रा आणतो. तुमच्या डोळ्यांसमोर बांधतो. पण मी आणीपर्यंत एकही सुई चुकवायची नाही. कबूल?"

"अन् नाय आणला तर?"

"आणणार."

"मेला असंल तर?"

घाटात ट्रक कसे उतरतात ते मी पाहिलेलं. म्हातारीनं सुनेच्या हातावरचं फडकं नीट केलं. मग म्हणाली, "जा. पण मेलेला आणू नको."

परत बंगल्यावर जाऊन साहेबांना म्हटलं, चला, जागा दाखवा. ते लगेच निघाले. वाटभर गाडीत माझे पाय एका जागी ठरत नव्हते. रस्त्याच्या कडेला काळं काही दिसलं की मी "थांबवा" म्हणायचो. एकदा टायरचा तुकडा निघाला, एकदा कुणाचं तरी घोंगडं.

ढाब्यावाल्याला विचारलं. तो म्हणाला, "काळापिवळा ना? हाय की. भाकरी टाकली तर खात नाय, नुसता रस्त्याकडं बघतो. पांढरी मोटार आली की धावतो मागं. काल ट्रकखाली जाता जाता वाचला."

साहेबांची गाडी पांढरी होती. त्यांनी तोंड फिरवलं.

टाकलेला कुत्रा लगेच भटकायला लागत नाही. जिथं सोडला तिथंच वाट बघतो. कारण त्याच्या लेखी तुम्ही गेला नाहीत, तुम्ही येणार आहात. आम्ही उभे होतो तोवर वरच्या झुडपातून जिमी बाहेर आला. गाडी बघितली. शेपटी हलली. साहेब पुढं झाले. त्यांनी मागचं दार उघडलं आणि नेहमीच्या आवाजात हाक मारली, "जिमी, चल! गाडी!"

जिमी जागच्या जागी थांबला. शेपटी खाली गेली.

"जिमी! ये ना रे!"

तो एक पाऊल मागं सरला. साहेब हाका मारत राहिले आणि दर हाकेला तो मागं मागं, झुडपात. मी ओरडलो, "साहेब, गप्प बसा! याच हाकेनं बोलावून त्याला इथं आणून टाकलात. आता ती हाक नासली."

माझ्या धंद्यातली ही सगळ्यात मोठी गोष्ट. कुत्र्याला बोलावून कधी मारू नका, बोलावून औषध पाजू नका, बोलावून कोंडू नका. जे वाईट करायचं ते आपण उठून त्याच्यापाशी जाऊन करा. हाक ही एकच दोरी अशी आहे की जी न दिसता लांबवर पोचते. ती एकदा तुटली की बाजारात नवी मिळत नाही.

मी साहेबांना म्हटलं, तुम्ही जा. गाडी न्या. ते म्हणाले, "अहो, पण तो माझा कुत्रा आहे." मी म्हटलं, "म्हणूनच जा." गेले बिचारे. त्यांची मान खाली होती. मला वाईट वाटलं, पण वेळ नव्हता.

मग मी ढाब्यावरून भाकरी आणि तळलेला बोंबील घेतला आणि उतारावर एका धोंड्यावर बसलो. झुडपाकडं पाठ करून. हाक नाही, चुटकी नाही, मागं बघणं नाही. सावकाश खात राहायचं. नुसतं बसून राहणं हे मला कुणी फाशीची शिक्षा दिल्यासारखं. खालून ट्रक घुरघुरत चढत होते. एकेक पांढरी गाडी आली की वाटायचं, हा पळाला आता रस्त्यावर. पण मान वळवली नाही. पिसाळलेला असेल तर तो मागूनच येईल, हेही डोक्यात होतं. आम्ही धंद्यातली माणसं सुया आधीच घेऊन ठेवतो, तरी भीती ती भीतीच.

ऊन कललं. मानेवर गरम श्वास आला. मी बोंबलाचा तुकडा बाजूला धोंड्यावर ठेवला. बोंबलाच्या रांगेतून सरळ निघालेला हा गडी, पण आता परीक्षा नव्हती. त्यानं खाल्ला, माझ्या मांडीला अंग टेकवलं, आणि मी हळूच दोरी अडकवली. तो थरथरत होता.

येताना जीपवाले घेईनात. एक म्हणाला, "काका, तुमचं सीट हाय, पाहुण्याचं नाय." शेवटी कोबीच्या टेम्पोत मागं बसून दोघं नाशकात आलो.

जिमीला मी माझ्या अंगणात पत्र्याच्या फाटकाआड बांधला. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, खाणं-पाणी मी लांबून सरकवायचं. साहेब येऊन गेले, म्हणाले, दहा दिवस झाले की नेतो. मी नाही म्हटलं. सरळ तोंडावर. त्यांनीही वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी फुलं टाकून झाली की कोंडाबाई हजर. बरोबर सुमन, दवाखान्यातून सुई घेऊन आलेली. म्हातारीच्या हातात स्वतःचा तांब्या. कुणी तरी तिच्या डोक्यात भरवलेलं की पिसाळलेला कुत्रा पाण्याला भितो. मी परोपरीनं सांगितलं, "मावशी, ही पक्की परीक्षा नाही. पिसाळलेलाही कधी पाणी पितो. डॉक्टरनं दिवस सांगितलेत, दिवस मोजा." ती म्हणायची, "तुझं तू मोज. मला दिसू दे." फटीतून वाडग्यात पाणी ओतायची आणि उकिडवी बसायची. जिमी लपलप प्यायला की सुनेकडं वळून एवढंच, "पितो गं." आणि चालू लागायची. सुमन कधी पुढं आली नाही. लिंबाखाली उभी राहून लांबूनच बघायची. पण मी बघायचो, पाणी पिण्याचा आवाज आला की तिचा श्वास सुटायचा.

ते दिवस माझे कसे गेले विचारू नका. जिमी शिंकला तरी मी धावायचो. दुसऱ्या कुत्र्यांच्या शिकवण्या बुडाल्या.

शेवटचा दिवस उजाडला. जिमी ठणठणीत. मला धीर निघेना, म्हणून मी पहाटेपासून त्याला सारखं पाणी दाखवत होतो. दाखवलं की तो प्यायचा. शहाणा कुत्रा, मला बरं वाटावं म्हणून पीत असावा. तेवढ्यात म्हातारी आली. तांब्यातलं पाणी वाडग्यात ओतलं.

जिमीनं हुंगलं. तोंड फिरवलं. लांब जाऊन बसला.

म्हातारी उभी राहिली. "दत्तूऽ!" दत्तू बाहेर सायकल धरून होता. "आरं, ह्यो पाणी टाळतोय!"

"मावशी, आत्ताच प्यायलाय तो. मीच पाजलंय."

"रोज पितो अन् आजच नाय?"

सुमन लिंबाच्या बुंध्याला धरून खाली बसली. मी डॉक्टरचं सांगू लागलो, कुणी ऐकेना. म्हातारी म्हणत होती, त्या देवमाणसानं हाकलला ते बरोबरच, ह्यानं परत आणून माझ्या घराला घोर लावला. दत्तू म्हणत होता, मास्तर, खरं सांगा. तोंडानं काय सांगणार? मी फाटक उघडलं, दोरी मनगटाला गुंडाळली, आणि जिमीला घेऊन माझ्या कुंपणाच्या आतल्या मोकळ्या जागेत पळत सुटलो.

पन्नाशी उलटलेला माणूस, चैत्राचं ऊन, पायात वहाण नाही. कुंपणाच्या कडेनं चकरा. जिमीला वाटलं खेळ आहे, तो उड्या मारायला लागला. मी पळतोय, तो माझ्या पुढं पळतोय. म्हातारी ओरडतेय, "आरं, तू पिसाळला का काय?" दम संपला, पोटात कळ आली, धोतराचा सोगा सुटला, तो हातात धरून पळालो. जिमीची जीभ बाहेर आली तरी थांबलो नाही. ती लांब लोंबायला लागली, फासळ्या भात्यासारख्या हलायला लागल्या, तेव्हा त्याला तसाच वाडग्यापाशी आणला आणि मी मातीत बसलो.

जिमीनं तोंड घातलं. वाडगं रिकामं केलं आणि तळ चाटत तांब्याकडं बघायला लागला. म्हातारीनं वाकून आणखी ओतलं. तेही गेलं.

दुपारी डॉक्टरांनी सुमनला तपासलं, कुत्र्याची हकिगत विचारली आणि उरलेल्या सुया थांबवल्या. आषाढात तिला मुलगी झाली, धडधाकट. जिमी पुढं म्हातारा होईपर्यंत माझ्याकडंच राहिला. पण हे सगळं नंतरचं. त्या घडीला कुणाला काहीच सुचत नव्हतं. मी मातीत बसून धापा टाकतोय, तोंडाला फेस, डोळे लाल, बोलायला जावं तर आवाज फुटेना. म्हातारीनं माझ्याकडं निरखून बघितलं, मग तांब्यात उरलेलं पाणी बघितलं, आणि तांब्या माझ्यापुढं धरला.

"घे. आता तूबी पिऊन दाखव."

लिंबाखालून सुमन हसली. इतक्या दिवसांत तिचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मी तांब्या तोंडाला लावला आणि सगळ्यांच्या देखत, थेंब न सांडता, पुरा प्यायलो.